दाढ दुखत नाही, पण तुटली

देवळ्याजवळच्या एका मळ्यात आमच्या ओळखीचे एक शेतकरी राहतात. आपण त्यांना अण्णा म्हणू. चैत्रात अण्णांची खालची दाढ फार ठणकली. रात्र रात्र झोप नाही. लवंग दाबून पाहिली, मिठाच्या गुळण्या केल्या. शेवटी ते नाशिकला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी रूट कॅनाल केले. गावाकडे याला ‘दाताची नस काढली’ असे म्हणतात. ठणका थांबला. डॉक्टर म्हणाले, “दोन आठवड्यांनी या. दाढेवर कॅप बसवू.”

अण्णा घरी आले, तो उन्हाळ कांदा काढणीला आलेला. मजुरी द्यायची होती. घरच्या बाईंनी दोनदा आठवण केली. अण्णा म्हणाले, “दाढ दुखत नही, मंग कॅप कसाले?” कांदा चाळीत पडला. पाऊस आला, पोळा झाला. नवरात्रात शेजारी सप्तशृंगीच्या गडावरून प्रसाद घेऊन आले. अण्णांनी खडीसाखरेचा खडा दाढेखाली धरला. कट् असा आवाज झाला. खडीसाखरेबरोबर दाढेचा एक कोपराही हातात आला.

नवल असे की, दुखले मुळीच नाही.

असे का झाले? दाताचे वरचे कवच फार कठीण असते. आपल्या शरीरात त्याहून कठीण दुसरे काही नाही. हाडसुद्धा नाही. पण दात आतून पोकळ असतो. त्या पोकळीत मऊ गर असतो. गरात रक्ताच्या बारीक नळ्या असतात आणि नसा असतात. कीड तिथपर्यंत पोचली की दाढ ठणकू लागते. मग डॉक्टर दाढेला वरून भोक पाडतात. आतला गर काढतात. मुळांतली पोकळी धुऊन साफ करतात आणि भरून टाकतात. भरायला गटापर्चा वापरतात. हा मलेशियाकडच्या एका झाडाचा चीक. १८५१ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्रातून तारायंत्राची तार टाकली, तेव्हा पाणी लागू नये म्हणून तिलाही हाच चीक लावला होता. समुद्र अडवणारा चीक आपल्या दाढेत बसतो, ही मोठी गंमत आहे.

आता हिशेब पाहा. दाढेचा काही भाग किडीने खाल्ला. भोक पाडताना आणखी थोडा गेला. उरल्या त्या कडेच्या पातळ भिंती. त्यांच्यावर रोज भाकरी, शेंगदाणे, हरभरे यांचा जोर पडतो. शिवाय नस गेलेली. जोर जास्त झाला तरी पूर्वीसारखे लवकर कळत नाही. अशा भिंतीला एक दिवस तडा जातो.

कॅप यासाठीच असते. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवतात. धाव चाकाला आवळून धरते. तशी कॅप दाढेला चहूकडून धरून ठेवते. अमेरिकेत आयोवा येथे नस काढलेल्या दातांची पाहणी झाली. ती २००२ साली छापली गेली. त्या पाहणीत कॅप नसलेले दात कॅप असलेल्या दातांच्या सहापट वेगाने गमवावे लागले, असे दिसले. पुढच्या दातांना दर वेळी कॅप लागत नाही. दाढेला मात्र बहुधा लागतेच.

बरे, दाढ तुटलीच तर काय करावे? कोमट मिठाच्या पाण्याने हळू चूळ भरावी. तुकडा मिळाला तर स्वच्छ डबीत ठेवून डॉक्टरांना दाखवावा. त्या बाजूने चावू नये. पण तिथे ब्रश हलक्या हाताने फिरवावा, घाण साचू देऊ नये. तुटलेली कड जिभेला लागत असेल, तर औषधाच्या दुकानात दातांना लावायचे मेण मिळते. ते कडेवर दाबावे. घरातल्या वस्तू चिकटवायचा गोंद दाढेला कधीही लावू नये. आम्ही असे करणारे पाहिले आहेत! तंबाखू किंवा मशेरीही तिथे दाबू नये.

आणि दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे जावे. दुखत नसले तरी जावे. भिंत पडली की आतले भरण उघडे पडते. कडेने लाळ झिरपते. लाळेबरोबर जंतू मुळापर्यंत उतरतात. तिथे पू होतो, हाड झिजते. दाढेत नस नाही म्हणून हे सगळे मुकाट्याने चालते. साखरेचा आजार असलेल्यांनी तर बिलकूल थांबू नये.

गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, घोट गिळवेना किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा. देवळ्यात सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे. दाताच्या पुढच्या कामासाठी नाशिकला पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बहुधा कमी येतो.

अण्णा मात्र तीन आठवडे थांबले. उमराण्याच्या बाजारात कांद्याला भाव येईल, मग जाऊ, असे म्हणत राहिले. एके सकाळी हिरडीवर फोड दिसला. मग घरच्या बाईंनी ऐकले नाही. कनवटीचे पैसे काढले आणि त्यांना एस.टी.त बसवून स्वतःही बरोबर गेल्या.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि बराच वेळ पाहिला. दाढ हिरडीच्या वर तुटली असेल, तर ती वाचवता येते. मूळच उभे चिरले असेल, तर दाढ काढावी लागते. चिरलेले मूळ सांधत नाही. “मूळ चिरलेले दिसत नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण आतली साफसफाई पुन्हा करावी लागेल.” ती झाली. मग मुळात बारीक खुंटी बसवून वर दाढ बांधली आणि त्यावर कॅप चढवली. चैत्रात नुसत्या कॅपचा खर्च होता. आता त्याच्या दुपटीहून जास्त पैसे लागले, खेपाही चार झाल्या.

आता अण्णा दोन्ही बाजूंनी भाकरी खातात. खडीसाखर आली की ती नातवाला देतात. घरच्या बाई ती नातवाच्या हातातूनही काढून घेतात आणि बारीक कुटून देतात.