उतारवय आणि लांबची फेंक

अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्याकडील फुटबॉलहून अगदीं निराळा. तेथें चेंडू लंबगोल असतो आणि तो पायापेक्षां हातानेंच अधिक खेळवितात. दोन्ही गोलरेषांमधील अंतर १०० यार्ड. प्रत्येक संघाचे अकरा गडी. चढाई करणाऱ्या संघाचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी अंगावर येण्यापूर्वीं, दोन-तीन सेकंदांत, चेंडू कोणाकडे फेंकावयाचा हें त्यानें ठरवावयाचें. चाळीस-पन्नास यार्डांवरील धांवत्या सहकाऱ्याच्या हातांत अचूक पडणारी फेंक हें या खेळांतील सर्वांत प्रेक्षणीय दृश्य होय. म्हणूनच अशा खेळाडूनें चाळिशी ओलांडली कीं तेथील प्रेक्षकांत एकच चर्चा सुरू होते: याच्या हातांत पूर्वींचें बळ राहिलें आहे काय?

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं फेंकीचें बळ येतें कोठून, तें पाहिलें पाहिजे. तें केवळ दंडांतून येत नाहीं. मागचा पाय जमिनीस रेटा देतो, पुढचा पाय रोवला जातो, कंबर वळते, तिच्यामागून छाती, मग खांदा, कोपर आणि शेवटीं मनगट. आसुडाच्या मुठीकडून टोंकाकडे लाट जावी, तसा वेग चढत चढत बोटांपर्यंत पोंचतो. वयाबरोबर झटकन् आकुंचन पावणारे स्नायुतंतू क्षीण होतात, खांद्यांतील स्नायुबंध झिजतात, कंबर ताठरते. या साखळीची एक कडी जरी सैल झाली तरी चेंडूचा वेग उतरतो.

आणि येथें गणित मोठें निष्ठुर आहे. हवेचा विरोध क्षणभर बाजूस ठेवला तर फेंकीचा पल्ला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. ताशी ६० मैल वेगानें योग्य कोनांत सोडलेला चेंडू या हिशेबानें सुमारें ८० यार्ड जाईल. वेग एक-दशांशानें घटून ताशी ५४ मैल झाला, तर पल्ला एकदम ६५ यार्डांवर येतो. प्रत्यक्षांत हवेमुळें दोन्ही आंकडे पुष्कळच कमी होतात, परंतु नियम तोच.

तथापि लांबच्या पासांत बळापेक्षां अंदाजाचें महत्त्व अधिक असतें. चेंडू हवेंत अडीच-तीन सेकंद असतो. तेवढ्यांत झेलणारा गडी वीस-पंचवीस यार्ड पुढें गेलेला असतो. म्हणून चेंडू तो आहे तेथें फेंकावयाचा नसतो, तो जेथें असेल तेथें फेंकावयाचा असतो. ज्याचा हात मंदावला त्यानें चेंडू थोडा आधीं सोडावा आणि थोडा उंच सोडावा. हें जमावयास प्रतिपक्षाचा बेत आधींच ओळखावा लागतो, आणि ही दृष्टि अनुभवानेंच येते. उलट, मैदानाच्या कडेस सरळ रेषेंत सणसणत जाणारी सपाट फेंक केवळ वेगावर अवलंबून असते. तेथें अंदाजानें उणीव भरून काढण्यास वाव फार थोडा.

१७ जानेवारी २०२१ रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें चाळिशी उलटलेले दोन नामांकित क्वार्टरबॅक समोरासमोर आले: टँपा बेचा ४३ वर्षांचा टॉम ब्रेडी आणि न्यू ऑर्लिन्सचा ४२ वर्षांचा ड्रू ब्रीज. ब्रीजच्या फेंकींनीं सबंध सामन्यांत १३४ यार्डच मिळाले आणि तीन फेंका प्रतिपक्षानें झेलल्या. त्याच्या संघास ५६ यार्डांचा जो लांब पास साधला, तो जेमिस विन्स्टन या तरुण क्वार्टरबॅकला मध्येंच मैदानांत आणून त्याच्याकडून फेंकविलेला होता. टँपा बेनें सामना ३०-२० असा जिंकला, आणि दोन महिन्यांनीं ब्रीज निवृत्त झाला. मात्र त्याच हंगामांत त्याच्या बरगड्या मोडून फुफ्फुसास इजा झाली होती. तेव्हां सारा दोष वयाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं.

पुढच्याच आठवड्यांत ग्रीन बे येथें, मध्यंतरास कांहीं सेकंद उरले असतां, ब्रेडीनें ३९ यार्डांचा पास स्कॉटी मिलरच्या हातांत अचूक टाकला. सामना संपला तेव्हां टँपा बे ३१-२६ असा विजयी झाला होता. पण उत्तरार्धांत ब्रेडीच्याहि तीन फेंका प्रतिपक्षानें झेलल्या, हें विसरून चालणार नाहीं. पुढील हंगामांत, वयाच्या ४४ व्या वर्षीं, त्यानें ५,३१६ यार्ड मिळविले. त्या वर्षीं त्याहून अधिक कोणीच मिळविले नाहींत.

लांबच्या फेंकीचें महत्त्व तिच्यामुळें मिळणाऱ्या यार्डांपुरतेंच नाहीं. ती केव्हांहि येऊं शकेल या धाकानें प्रतिपक्षाचे मागचे गडी दूर उभे राहतात आणि जवळच्या पासांस जागा मोकळी होते. तो धाक एकदां नाहींसा झाला कीं तेच गडी पुढें सरकतात आणि जवळची वाटहि बंद होते. म्हणून वयस्क खेळाडूनें अशा फेंका पुष्कळ कराव्या असें नाहीं. परंतु आपल्याला ती येते, एवढें त्यास मधून मधून दाखवावेंच लागतें.

तात्पर्य, चाळिशीनंतर पल्ला घटतो हें खरें. पण अंग निकोप असेल आणि दृष्टि तयार असेल, तर उरलेला पल्ला सामन्यापुरता पुरतो. वय फेंक एकदम हिरावून घेत नाहीं. तें चुकीस पूर्वीं असलेली सवलत तेवढी काढून घेतें.