तिसरा कंटेनर

टेंभुर्णीच्या आमच्या पॅकहाऊसच्या मागे एक लहान थंड खोली आहे. दार ढकललं की आधी पुठ्ठ्याचा वास येतो, मग हिरव्या केळ्याचा कच्चा, तुरट वास. तापमान साडेतेरा अंश. भिंतीला लागून खोक्यांच्या थप्प्या आणि प्रत्येक खोक्यावर काळ्या मार्करने तीन गोष्टी लिहिलेल्या: कापणीची तारीख, बागेचा नंबर, गाव. कंदर, वाशिंबे, केत्तूर, शेटफळ. बंदरावर गेलेल्या प्रत्येक लॉटमधली दोन खोकी आम्ही इथे मागे ठेवतो. गेलेल्या मालाची ही जुळी भावंडं. समुद्रावर कंटेनरच्या पोटात जे होत असेल, तेच थोड्याफार फरकाने इथे होत असतं.

नवीन देश शोधायचा, बाजार शोधायचा, हे माझं काम. लोकांना वाटतं, त्यासाठी मी आधी नकाशा उघडत असेन. मी आधी या खोलीत येतो. रोज सकाळी आठला टॉर्च घेऊन खोकी उघडायची, प्लॅस्टिकची पिशवी सैल करायची आणि फणीचा दांडा जिथून कापलाय तो भाग पाहायचा. तिथे पांढुरकी बुरशी धरली का? सालीवरची हिरवी झाक फिकी पडली का? फणीतलं एखादं केळं मऊ लागतं का? वहीत तारखेपुढे एक शब्द लिहायचा: हिरवं, फिकं, गेलं. ज्या दिवशी ‘गेलं’ लिहावं लागतं, त्याच्या आठ दिवस आधीपर्यंत पोचता येईल तिथवरच आपला बाजार. ते आठ दिवस तिकडच्या माणसाचे आहेत. त्याला बंदरातून माल सोडवायचा असतो, पिकवायचा असतो, विकायचा असतो.

म्हणून मी देश किलोमीटरमध्ये मोजत नाही. दुबईचं जेबेल अली बंदर चार-पाच दिवसांवर आहे. इराणचं बंदर अब्बास, जहाज बदलायचं असेल तर, आठवड्यावर. रॉटरडॅम तीन आठवड्यांच्या पुढे, आणि तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालायचा तर त्याहूनही लांब. तीच बाग, तेच पाणी, पण अठराव्या दिवशी ठणठणीत असलेलं केळं सव्विसाव्या दिवशी राहील असं कुणीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. लांबच्या बाजाराला केळं बारीक असतानाच कापावं लागतं. पूर्ण भरलेलं केळं लवकर पिकायला लागतं. त्यामुळे माणूस बागेत कॅलिपर घेऊन घडाच्या वरच्या फणीची जाडी मोजतो आणि दुबईसाठी एक आकडा धरतो, त्यापुढच्या देशासाठी त्याहून कमी. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ वजन गेलं. आठ-दहा दिवस आणखी झाडावर राहिला असता तर घड जड झाला असता. तीस किलोचा घड सत्तावीसवर येतो तेव्हा लांबच्या देशाचं पहिलं भाडं शेतकऱ्यानेच भरलेलं असतं. तिकडे मिळणारा जास्तीचा दर ही तूट भरून काढत नसेल, तर तो बाजार कितीही मोठा असो, आमच्या उपयोगाचा नाही. हे गणित मी पहिल्यांदा बागेत उभं राहून शिकलो आणि आजही कुठल्याही देशाचं नाव पुढे आलं की तिथूनच सुरुवात करतो.

उजनी धरणाच्या पाण्याकाठची ही गावं. ऊस होता, अजूनही आहे, पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत करमाळा आणि माढ्याच्या पट्ट्यात टिश्यू कल्चरची जी-नाईन वाणाची केळी पसरत गेली. घडाला पिशवी, फुलांचे वाळके शेंडे हाताने काढणं, घड खांद्यावर गादी ठेवून उचलणं, फण्या तुरटीच्या पाण्यात सोडून चीक काढणं, असं सगळं लोक हळूहळू शिकले. साडेतेरा किलोचं खोकं, एका चाळीस फुटी कंटेनरमध्ये १५४० खोकी. त्यात एकच फणी आधी पिकली तर तिच्यातून सुटणारा इथिलीन वायू शेजारच्यांना जागं करतो आणि बंदरात दार उघडताना पिवळा ढीग समोर येतो.

आपला देश जगात सर्वांत जास्त केळी पिकवतो, जगातल्या उत्पादनाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. पण जगाच्या केळी निर्यातीत आपला वाटा एका टक्क्याच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सभांमध्ये टाळ्या पडतात. मला त्यांच्याकडे पाहून काळजी वाटते, कारण ते वाचून प्रत्येक जण आधी सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाकडे धावतो.

संध्याकाळी पॅकहाऊस शांत झालं की मी संगणक उघडतो. केळ्याचा जागतिक व्यापारातला सांकेतिक क्रमांक ०८०३९०. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राच्या ट्रेड मॅपवर हा क्रमांक टाकला की कुणी कुणाकडून किती घेतलं याचा तक्ता समोर येतो. सर्वांत वरची नावं मी फार वेळ पाहत नाही. अमेरिकेच्या दाराशी ग्वाटेमाला आहे. जपान आणि चीनकडे वर्षानुवर्षं फिलिपिन्सच्या दावाओची केळी जातात. युरोपात इक्वेडोर आणि कोलंबियाच्या केळ्यांवर करारामुळे टनाला ७५ युरो कर लागतो, सर्वसाधारण दर ११४ युरो आहे, आणि आफ्रिकेतल्या कॅमेरून, आयव्हरी कोस्टसारख्या देशांचा माल करमुक्त येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या पुढाकाराने बारामतीहून नेदरलँड्सला केळ्यांचा एक प्रायोगिक कंटेनर समुद्रमार्गे गेला. मला त्याचा मनापासून आनंद झाला, कारण इतक्या दिवसांच्या प्रवासाची शिस्त आपल्याला कुणीतरी शिकवायलाच हवी होती. पण जमतं म्हणून परवडतंच असं नाही.

मी पाहतो मधली आणि खालची नावं. पाच वर्षांत ज्याची आयात दरवर्षी थोडी थोडी वाढली असा देश. एका वर्षी उसळी आणि पुढच्या वर्षी आपटी, असा देश नको. मग त्याला माल पुरवणारा किती लांबून येतो ते पाहतो. इक्वेडोरचं केळं पनामा कालवा ओलांडून, पाच-सहा आठवडे प्रवास करून जिथे पोचतं, तिथे आमच्या खोलीतलं अठरा दिवसांचं खोकं काहीतरी बोलू शकतं. आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळवतो. आपण ‘पाठवलं’ म्हणून लिहिलेला आकडा आणि त्या देशाने ‘आलं’ म्हणून लिहिलेला आकडा यात मोठी दरी असेल, तर माल मध्येच दुसरीकडे वळलेला असतो. दुबईच्या नावाने गेलेली सगळी केळी दुबई खात नाही. ती पुढे कुठे जातात हे ज्याला कळलं, त्याला पुढचा बाजार कळला.

ते कळायला मी दुबईला गेलो. अल अवीरच्या भाजी-फळ बाजारात पहाटे चारला जावं. उजाडायच्या आत सगळं होऊन जातं. गाळ्यांपुढे ट्रक मागच्या बाजूने लागलेले, मल्याळम, उर्दू, फारसी, मध्येच एखादं मराठी ‘अरे, इकडं घे’. मी आधी गाळ्यांसमोर उभा राहून किती घेता, काय दराने घेता असं विचारत होतो. प्रत्येक जण भरभरून सांगत होता, आणि त्यातलं फारसं काही खरं नव्हतं. एका वयस्क मलबारी व्यापाऱ्याने मला बाजूला घेतलं आणि हिंदीत म्हणाले, “बेटा, केला कौन खरीदता है ये मत पूछो. केला पकाता कौन है, ये पूछो.”

तेव्हापासून मी तेच विचारतो. हिरवं केळं ज्याच्याकडे पिकवायच्या खोल्या आहेत त्याच्याच कामाचं असतं. दुकान, सुपरमार्केट, फेरीवाला, सगळे नंतर. एका दिवसाचा इथिलीन, सोळा-अठरा अंश, चार-सहा दिवस, आणि रंगाच्या तक्त्यावर एकपासून सातपर्यंतचा प्रवास. त्या व्यापाऱ्याने मला आपल्या खोल्या दाखवल्या. पहिल्या खोलीत फिलिपिन्सची केळी, दुसरीत इक्वेडोरची, तिसरीत आपली. चौथी रिकामी होती. नव्या शहरात माझा पहिला प्रश्न आता हाच असतो: खोल्या किती आहेत आणि आठवड्यातले किती दिवस त्या रिकाम्या असतात? चौकशीच्या ईमेलपेक्षा रिकामी खोली मला जास्त खरी वाटते.

इराणने मात्र मला शिकवलं की मागणी, अंतर, खोल्या हे सगळं अनुकूल असूनही बाजार अडू शकतो. आमच्या पट्ट्यातला माल मोठ्या प्रमाणावर तिकडे जातो, नवरोजच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, आधी फोन थांबत नाहीत. पण २०१९ मध्ये भारताने इराणी तेल घेणं बंद केल्यावर, त्या तेलाच्या पैशातून भरलेलं आणि आमच्यासारख्यांची बिलं चुकवणारं रुपयाचं खातं आटत गेलं. मधल्या काही वर्षांत तिथे केळ्यांच्या आयातीची परवानगी सफरचंदांच्या निर्यातीशी जोडलेली होती. म्हणजे कंदरचं केळं तेहरानच्या ताटात जाणार की नाही, हे इराणी सफरचंदाला गिऱ्हाईक मिळण्यावर अवलंबून! कंदरच्या शेतकऱ्याला हे मी त्याच्या ओट्यावर बसून समजावलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

आणि २०२४ चा फेब्रुवारी. इक्वेडोरने आपली जुनी सोव्हिएत बनावटीची युद्धसामग्री अमेरिकेला द्यायचं ठरवलं, रशिया चिडला आणि केळ्यांत कीड सापडल्याचं सांगून त्याने तिथल्या पाच निर्यातदारांवर बंदी घातली. त्याच सुमारास भारतातून जानेवारीत केळी आल्याचं रशियाच्या तपासणी खात्याने जाहीर केलं. आमच्याकडे दोन दिवसांत बातमी गावोगाव पोचली. वाशिंब्याचा एक तरुण शेतकरी रात्री दहाला पॅकहाऊसवर आला.

“साहेब, रशियाला माल चाललाय म्हणं. आता कापू का थांबू? रेट कितीपर्यंत जाईल?”

मी त्याला म्हणालो, “दादा, घड तयार आहे ना? मग कापा. रशियासाठी थांबू नका.”

तो नाराज होऊन गेला. पण दुसऱ्याच्या भांडणातून उघडलेलं दार ते दोघं समेटाला आले की मिटतं. इथेही इक्वेडोरने माघार घेतली आणि त्याच महिन्यात बंदी उठली. २०१२ मध्ये दक्षिण चिनी समुद्रातल्या वादात चीनने फिलिपिन्सची केळी बंदरात अडवून ठेवली होती, तेव्हा दावाओच्या शेतकऱ्यांनी याचीच दुसरी बाजू सोसली. रशियाचा बाजार आपल्यासाठी नाही असं मी म्हणत नाही. तिथे भांडणाच्या महिन्यात घुसू नये, शांततेच्या वर्षात चिकाटीने जावं, इतकंच माझं मत आहे.

हे मत मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी आखातातल्या एका नव्या शहरातून मागणी आली. दर चांगला होता. पहिला कंटेनर उतरला, कौतुकाचे फोटो आले, पैसे आले. दुसऱ्याला दर थोडा ओढला गेला, तोही आम्ही दिला. तिसरा पोचला आणि निरोप आला की माल पिवळा आहे, उचलणार नाही. आतल्या तापमानयंत्राची नोंद आमच्याकडे होती, संपूर्ण प्रवासात साडेतेरा अंश. इथल्या खोलीतली जुळी खोकी हिरवी होती. पण हिरवं खोकं टेंभुर्णीत होतं आणि माल परक्या बंदरात. दिवसागणिक भाडं चढत होतं. शेवटी निम्म्याहून कमी दरात तो सोडावा लागला. मी ज्या शेतकऱ्यांना शब्द दिला होता त्यांचे पैसे पूर्ण दिले गेले, पण उशिरा, आणि त्यातल्या एकाच्या घरी तेव्हा लग्न होतं. ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून तिसऱ्या कंटेनरचे पैसे आल्याशिवाय मी त्या देशाचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहीत नाही.

सध्या मागच्या पानावर ताश्कंद आहे. उझबेकिस्तान सगळ्या बाजूंनी जमिनीने वेढलेला, त्याचे शेजारीही समुद्राविना. साडेतीन कोटींहून जास्त लोकसंख्या, तरुण देश, स्वतःची द्राक्षं आणि खरबुजं उत्तम, पण केळं तिथे मोकळ्या रानात उगवत नाही. भारतातून थोडा माल तिकडे जातो आहे. बंदर अब्बासपर्यंत जहाज, मग इराण आणि तुर्कमेनिस्तान ओलांडून ट्रक. कागदावर दिवस बसतात. खोल्या कुणाकडे आहेत ते दोघांनी सांगितलं आहे, तिसऱ्याचं उत्तर यायचं आहे. अडचण मला सुचली नव्हती, ती एका ड्रायव्हरने फोनवर सांगितली. जानेवारीत तिकडे रस्त्यावर शून्याखाली तापमान जातं. तेरा अंशाखाली केळ्याची साल काळवंडते आणि मग ते कधीच नीट पिकत नाही. त्या दिवसांत ट्रकमधल्या यंत्राने माल थंड नाही, उबदार ठेवायचा. वाटेत सीमेवर दोन रात्री इंजिन बंद राहिलं तर?

म्हणून परवा मी मागच्या खोलीत चार खोकी वेगळी काढली. दोन साडेतेरा अंशांवर, दोन शेजारच्या शीतपेटीत दहा अंशांवर, अठ्ठेचाळीस तासांसाठी, मग परत पहिल्यांच्या शेजारी. चारींवर मार्करने ‘ता.’ लिहिलं आहे. आज त्यांचा नववा दिवस. दोन हिरवी आहेत. दुसऱ्या दोहोंच्या सालीवर, नख फिरवल्यावर, आत बारीक तपकिरी रेघा दिसायला लागल्या आहेत. उद्या सकाळी आठला पुन्हा पाहीन.