आम्ल, अल्क आणि चोपण जमीन



सदऱ्यावरील हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो. साबण अल्कधर्मी, तर लिंबू आम्लधर्मी. आम्ल चवीला आंबट असते व निळा लिटमस लाल करते. अल्क हाताला बुळबुळीत लागते व लाल लिटमस निळा करते. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली की एकमेकांचा गुण मारतात. क्षार व पाणी तयार होते.

ही तीव्रता सामूने मोजतात. सामू ७ म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. सामू एका अंकाने वाढला की अल्कता दहापट होते. आपल्या लोणार सरोवराच्या पाण्यात सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट असते. त्याचा सामू १० च्या आसपास मोजला गेला आहे, म्हणजे उदासीन पाण्याच्या हजारपट अल्कता!

शेगाव-संग्रामपूरकडील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातही मूळ दुखणे सोडियमचेच आहे. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असेल तर जमीन चोपण समजावी. सोडियममुळे मातीचे बारीक कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात. पाणी मुरत नाही. जमीन ओली असता चिकट व वाळली की टणक होते. जस्त व लोह जमिनीत असूनही पिकाला पुरेसे मिळत नाही.

अशा जमिनीत चुना टाकू नये. चुना हा कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीचा उपाय आहे. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी मुळातच असते, पण सामू जास्त असल्याने ती फारशी विरघळत नाही. येथे जिप्सम उपयोगी पडते. जिप्सम आम्ल नव्हे. त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेते. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर मुळांखाली वाहून जावा लागतो. म्हणून आधी निचऱ्याचे चर काढावेत, नंतर पावसाळ्याच्या तोंडावर जिप्सम मातीत मिसळावे. निचरा नसेल किंवा वरून खारे पाणीच दिले, तर खर्च वाया जातो.

जिप्समची मात्रा शेजाऱ्याचे पाहून ठरवू नये. हळदीच्या रंगावरही विसंबू नये; चोपण जमिनीचा सामू तिच्यावरून नेमका कळत नाही. उन्हाळ्यात वरच्या व खालच्या थराचे वेगवेगळे नमुने, तसेच विहिरीचे पाणी मृद चाचणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. आधी निदान, मग औषध, हा नियम जमिनीलाही लागू आहे.