लांब शब्दाचे सांधे

इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता, असे कोडे शाळकरी मुले एकमेकांना घालतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात त्याचे उत्तर सापडते: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. अक्षरे मोजून पंचेचाळीस! हा शब्द उच्चारला की सभेत हशा पिकतो. परंतु तो कशाचे नाव आहे हे कळल्यावर हसू ओसरते. म्हणून आज त्याची फोड करून पाहू.

आमचे इंग्रजी शाळेतले नव्हे. कारखान्याच्या नोटिशी, कायद्याची पुस्तके आणि डॉक्टरांचे दाखले वाचता वाचता ते आले. त्या खटाटोपात एक गोष्ट पक्की कळली. लांब शब्द हा बहुधा अवघड शब्द नसतो, जोडलेला शब्द असतो. आपण समासाचा विग्रह करतो, तसाच त्याचाही करावा. मात्र जोड कोठे आहे हे सांगणारी अक्षरे ओळखता आली पाहिजेत.

पहिली खूण आरंभीची. शब्दाच्या तोंडी 'पी' आणि 'एन' ही अक्षरे आली व उच्चारात 'पी' मुका राहिला, की शब्दाचे मूळ ग्रीक समजावे. न्यूमोनिया हा शब्द असाच लिहितात. ग्रीकमध्ये 'न्यूमोन' म्हणजे फुप्फुस. दुसरी खूण मधली. ग्रीक धर्तीच्या जोडशब्दांत दोन तुकड्यांमध्ये बहुधा 'ओ' हे अक्षर बसवतात. आपल्या शब्दात 'ओ' नऊ वेळा आहे. त्यांतला प्रत्येक 'ओ' म्हणजे सांधा नव्हे, पण सांधा शोधताना आधी तेथे बोट ठेवावे. तिसरी खूण शेवटची: 'ओसिस'. म्हणजे अवस्था, वैद्यकात बहुधा रोगाची.

आता विग्रह करू. 'न्यूमोनो' म्हणजे फुप्फुसाचा, 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडचा, 'मायक्रोस्कोपिक' म्हणजे सूक्ष्मदर्शकातूनच दिसणारा. 'सिलिको' म्हणजे गारगोटीत असते त्या सिलिकेचा, 'व्होल्कॅनो' म्हणजे ज्वालामुखी आणि 'कोनिस' म्हणजे धूळ. सगळे मिळून अर्थ झाला: ज्वालामुखीतून निघालेली सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात गेल्याने जडणारा रोग.

मौज अशी की, हा शब्द कोणा डॉक्टराने रुग्ण तपासून केलेला नाही. १९३५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या संघाचे अधिवेशन भरले होते. तेथे संघाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी लांबी वाढवण्याच्या हौसेने तो जुळवला. डॉक्टरांना त्यासाठी नऊच अक्षरे पुरतात: सिलिकोसिस. इटलीतील डॉक्टर व्हिस्कोंती यांनी तो शब्द १८७० साली वापरला होता. या रोगाला ज्वालामुखीही लागत नाही. दगडाची खाण, खडीचे यंत्र, वाळूच्या फवाऱ्याने लोखंड घासणे एवढे पुरे होते. मंदसोरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्यांना आणि खंबायतला अकीक घासणाऱ्यांना तो जडल्याचे नोंदले गेले आहे.

न्यूयॉर्कला हा शब्दखेळ झाला त्याच्या चारपाच वर्षे आधी, अमेरिकेच्याच वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट येथे डोंगरातून बोगदा खोदला गेला. खडकात सिलिका भरपूर होती. पाणी न मारता कोरडेच खोदकाम झाले आणि शेकडो मजूर सिलिकोसिसने मेले. त्यांत कृष्णवर्णीय मजुरांचा भरणा होता. १९३६ साली अमेरिकेच्या काँग्रेसच्या समितीने या प्रकरणाची चौकशी केली.

आपल्या गिरण्यांशी नाते असलेला दुसरा शब्द बिसिनोसिस. त्यात 'बी'नंतर 'आय' नसून 'वाय' येतो, हीही ग्रीक मुळाची खूण. 'बिसॉस' म्हणजे तलम वस्त्र. १८७७ साली हे नाव फ्रान्सचे डॉक्टर आद्रियँ प्रूस्त यांनी दिले; प्रसिद्ध कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हे त्यांचेच चिरंजीव. कापूस फोडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यांत काम करणाऱ्याची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला आवळते, आठवड्याच्या पुढच्या दिवसांत जरा मोकळी होते. सुरुवातीची ओळख ती हीच. तलम कापडाचे नाव त्या रोगाच्या पोटात बसले आहे!

कोणी म्हणेल, कामगाराला ग्रीक व्युत्पत्ती हवी कशाला? ती हवी, कारण या शब्दांत रोगाचे कारण लिहिलेले असते. ट्यूबरक्युलोसिस, म्हणजे क्षय. त्याच्याही शेवटी 'ओसिस' आहे, पण आधीच्या भागाचा अर्थ नुसती बारीक गाठ. रोग कोठून आला हे तो शब्द सांगत नाही. सिलिकोसिस मात्र धुळीचे नावच घेतो. दोन्हींत खोकला, धाप आणि वजन उतरणे सारखेच असते, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षयही लवकर गाठतो. अशा माणसाच्या दाखल्यावर नुसता क्षय लिहिला गेला, तर रोग त्याच्या नशिबाचा ठरतो; सिलिकोसिस लिहिले गेले, तर कामाचा ठरतो.

कायदाही हाच भेद करतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने नेमलेल्या रोगांची खबर देण्याचे कर्तव्य व्यवस्थापकावर आणि डॉक्टरवर घातले. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत सिलिकोसिस व बिसिनोसिस हे दोन्ही शब्द पुढे दाखल झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही ते आहेत.

फुप्फुसात रुतलेली ही धूळ काढून टाकणारे औषध नाही. पाणी मारणे, धूळ ओढून घेणारे पंखे बसवणे हाच खरा उपाय. पण ज्याला रोग जडला आहे, त्याच्या घरच्यांनी दाखला हातात पडताच त्यावरचा शब्द अक्षर अक्षर लावून वाचावा. शेवटी 'ओसिस' दिसले, तर त्याच्या आधी काय लिहिले आहे ते पाहावे. आणि ते कळले नाही, तर डॉक्टरांना तेथेच विचारावे.