इतिहास घरी शिकवायचा, तर सुरुवात कुठून?

मागच्या बैठकीत गटातल्या एका बहिणीनं विचारलं, "ताई, आजारपणामुळं पोरगी घरीच शिकतीय. गणित, मराठी जमतंय. पण इतिहास कुठनं धरू? मला तर सनावळ्या येत नाहीत."

हा प्रश्न माझ्या घरातही येऊन गेलाय. माझी नात दोन वर्षं घरी शिकली. आपल्याकडं कित्येक वर्षं चौथीला शिवाजी महाराज आणि पाचवीला आदिमानव असा क्रम चालत आलाय. मी म्हटलं, पहिल्यापासूनच सांगू. दगडाची हत्यारं, गुहा, अग्नी. आठ दिवसांनी ती म्हणाली, "आज्जी, तू लहान होतीस तेव्हा आदिमानव होता का?"

हसू आलं, पण चूक माझी होती. "फार वर्षांपूर्वी" म्हणजे किती, हे मोजायचं मापच तिच्याकडं नव्हतं.

मग सुताची दोरी घेतली. दहा वर्षांना एक वीत. पहिल्या वितीतच तिच्या जन्माची गाठ बसली. चार विती ओलांडल्यावर 1982 आलं. त्या वर्षी 18 जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आजरा, चंदगड, भुदरगडच्या किती घरांतली माणसं तेव्हा गिरणीत होती! आमच्या ह्यांची पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती, ती खाली काढली. गिरणी म्हणजे काय, संप कशासाठी, पगार थांबल्यावर घर कसं चाललं, हे तिनं विचारलं. शेवटचं कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. ते मी सांगितलं.

एक मात्र सांभाळा. एकाच माणसाचं ऐकून गाठ मारू नका. माझ्या जाऊबाई ठामपणे म्हणाल्या, संप पावसाळ्यात लागला. त्यांना आठवत होती ती ह्यांची गावी परत येण्याची वेळ. म्हणून दोघा-तिघांना विचारायचं, मग कागद बघायचा: शाळेचा दाखला, जुनी पत्रं, सातबारा. आणि गावच्या पाणवठ्यावर पूर्वी कुणाला पाणी भरू देत नव्हते, हेही त्या वस्तीतल्या आज्जींनाच विचारू द्या. आपण आपल्या आळीपुरतंच सांगतो.

पुढच्या गाठी सोप्या गेल्या. साडेसात वितींवर 1949. आजरा तेव्हापर्यंत कोल्हापूर संस्थानातल्या इचलकरंजी जहागिरीकडचं गाव. त्या वर्षी 1 मार्चला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. अठरा वितींवर 1844, सामानगडच्या गडकऱ्यांचं बंड. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडं असलेल्या जमिनींच्या कारभारात हात घातला गेला आणि ते उठले. जमीन जाणं म्हणजे काय, हे आपल्या पोरांना वेगळं समजवावं लागत नाही.

पस्तीस वितींवर 1674. महाराजांना इतकं मागं ठेवलं म्हणून रागावू नका. उलट इथं पोचेपर्यंत तिला घाई झाली होती. 24 फेब्रुवारीला प्रतापराव गुजर पडले ते नेसरीला, आपल्या शेजारच्या गडहिंग्लज तालुक्यात. त्यानंतर साडेतीन महिन्यांत, 6 जूनला, रायगडावर राज्याभिषेक झाला. नेसरी तिनं एसटीतून पाहिलेली. रायगड तिथून जोडला गेला.

पस्तीस विती म्हणजे सव्वीस फूट. ओसरीतून निघालेली दोरी अंगणात गेली. जगात शेतीची सुरुवात साधारण 10,000 वर्षांपूर्वीची, म्हणजे हजार विती, साडेसातशे फूट. एवढी दोरी कुठली! आम्ही दोघी पावलं मोजत रस्त्यानं चालत गेलो. आदिमानव त्याच्याही पलीकडं, हे तिनं स्वतःच सांगितलं.

या सगळ्याला दीड-दोन महिने पुरतात. मग पाठ्यपुस्तक हातात द्या. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी किंवा आठवीची परीक्षा द्यायची असेल तर ते लागणारच. तेव्हा क्रम पुस्तकाचाच ठेवा. फक्त धडा वाचून झाला की दोरी काढायची, आणि गाठ कुठं मारायची ते मुलीला ठरवू द्यायचं.