मधली वर्षं: सांचीचं तोरण आणि अॅनिमेतल्या काळाच्या उड्या

'फ्रीरेन' या जपानी अॅनिमे, म्हणजे अॅनिमेशन मालिकेच्या पहिल्याच भागात एक देखणा तरुण वीर म्हातारा होतो आणि तो म्हातारा होताना आपल्याला दिसत नाही. दहा वर्षांची मोहीम फत्ते करून चौघे राजधानीत परततात: वीर हिमेल, धर्मगुरू हायटर, बुटक्यांच्या जमातीतला योद्धा आयझेन आणि हजारो वर्षं जगणारी जादूगारीण फ्रीरेन. त्या रात्री चौघे उल्कावर्षाव पाहतात. हा वर्षाव पन्नास वर्षांतून एकदा होतो. पुढच्या वेळी याहून चांगल्या जागेवरून दाखवीन, असं फ्रीरेन सहज सांगते आणि निघून जाते. ती परतते तेव्हा पन्नास वर्षं उलटलेली असतात. दारात टकलू, पांढऱ्या दाढीचा, अंगाने आक्रसलेला हिमेल उभा असतो. उल्का पाहून होतात, लवकरच त्याची अंत्ययात्रा निघते, आणि माती पडताना फ्रीरेनला रडू कोसळतं. दहा वर्षं बरोबर राहूनही या माणसाला ओळखून घेण्याची आपण तसदी घेतली नाही, हे तिला तेव्हा उमगतं.

२०२३च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या या मालिकेत पुढे प्रत्येक नव्या टप्प्यावर पडद्यावर एक ओळ उमटते: वीर हिमेलच्या मृत्यूनंतर अमुक वर्षांनी, अमुक ठिकाणी. एका माणसाच्या जाण्यापासून सगळा काळ मोजायचा, ही त्या कथेची कालगणना आहे.

भोपाळच्या घराघरांतली मुलं आज अशा मालिका तोंडपाठ सांगतात. त्यांच्या आधीची पिढी हिंदीतून बोलणारा डोरेमॉन पाहत वाढली, ज्याचं टाइम मशीन नोबिताच्या अभ्यासाच्या टेबलाच्या खणात असतं. 'त्या कार्टूनमध्ये काय ठेवलंय' असं म्हणणाऱ्या आईबाबांना आणि आजी-आजोबांना मला सांगायचं आहे की काळावरून उडी मारून गोष्ट सांगण्याची ही कला आपल्या ओळखीची आहे. तिचा एक फार जुना, फार देखणा नमुना भोपाळपासून जेमतेम ४५ किलोमीटरवर सांचीच्या टेकडीवर उभा आहे.

उडी का मारावी लागते

आधी जपानकडे पाहू. तिथल्या पुष्कळ लोकप्रिय मालिका साप्ताहिकांत क्रमशः येणाऱ्या चित्रकथांवरून, म्हणजे मांगांवरून बनतात. दर आठवड्याला एक प्रकरण, आणि असं वर्षानुवर्षं. नायक अनेकदा बारा-चौदा वर्षांचा असतो. वाचक मोठे होतात, नायक मात्र तिथेच राहतो. शत्रू अधिकाधिक बलाढ्य होत जातात आणि त्यांच्याशी लढायला लागणारी तयारी पानोपान दाखवली तर वाचक कंटाळतो. मग लेखक मधली वर्षं उचलून बाजूला ठेवतो.

'नारुतो'मध्ये ही उडी अडीच वर्षांची आहे. २००२ ते २००७ या काळात २२० भाग झाले. त्यातल्या शेवटच्या ऐंशीहून अधिक भागांत मूळ चित्रकथेत नसलेली भरीची कथानकं होती, कारण चित्रकथा पुरेशी पुढे सरकेपर्यंत मालिकेला वेळ काढणं भाग होतं. नंतर 'शिप्पूदेन' या नव्या नावाने मालिका सुरू झाली तेव्हा पोरसवदा नारुतो उंच होऊन गावाच्या वेशीतून आत आला. 'गुर्रेन लगान' या २००७च्या मालिकेने २७ भागांच्या मध्यावर सात वर्षं ओलांडली. जमिनीखाली बिळांत राहणारी माणसं एकदम महानगरात दिसू लागली आणि बंडखोर पोरं खुर्चीवर बसून कारभार करू लागली. 'डॉ. स्टोन'ने तर कमालच केली. सगळी मानवजात दगड होऊन पडते आणि ३,७०० वर्षं जातात. नायक सेन्कू त्या काळोखात शुद्ध टिकवण्यासाठी एकेक सेकंद मोजत राहतो. बाहेर आल्यावर त्याच मोजणीमुळे त्याला आजची तारीख कळते.

यातली सर्वांत सुबक खूण मात्र 'वन पीस'मध्ये आहे. नायक लुफीचे साथीदार निरनिराळ्या बेटांवर विखुरलेले आहेत. तीन दिवसांनी एका ठिकाणी भेटायचं ठरलेलं होतं. दरम्यान लुफीचा भाऊ मारला जातो आणि आपण अजून कच्चे आहोत हे लुफीला कळतं. निरोप धाडायला साधन नाही. वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. उघड्या दंडावर '३डी' ही अक्षरं गोंदलेली, त्यांवर काट मारलेली, आणि खाली '२वाय'. जगाला ती नुसती नक्षी वाटते. साथीदारांना नेमकं कळतं: तीन दिवसांनी नव्हे, दोन वर्षांनी. दोन वर्षांची उडी चार अक्षरांत बसली. एइइचिरो ओदा यांनी २०१०मध्ये चित्रकथेत हा टप्पा गाठला, आणि पुढच्या वर्षी तो मालिकेत आला.

एकाच दगडावर चार घोडे

आता सांचीला चला. मोठा स्तूप मुळात अशोकाच्या काळचा, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला. त्याची चार तोरणं इसवी सनपूर्व पहिल्या शतकातली. दक्षिण तोरणावर दोन लेख आहेत आणि ते मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावेत. एक सांगतो की कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं. दुसऱ्यात राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाची नोंद आहे. हा सातकर्णी सातवाहन, म्हणजे पैठण आणि नाणेघाट ज्यांच्या नावाने ओळखले जातात त्यांच्या कुळातला.

पूर्व तोरणाच्या पुढच्या बाजूची मधली तुळई पाहा. विषय आहे महाभिनिष्क्रमण, म्हणजे सिद्धार्थाचं घर सोडणं. डावीकडे कपिलवस्तू: तटबंदी, सज्जे, माणसांची गर्दी. वेशीतून कंथक घोडा बाहेर पडतो. टापांचा आवाज होऊ नये म्हणून देवांनी त्याचे खूर हातांवर तोललेले आहेत. पाठीवर स्वार दिसत नाही, कारण त्या काळी बुद्धाची आकृती कोरत नसत. रिकाम्या पाठीवर छत्र धरलेलं आहे, म्हणजे राजपुत्र तिथे आहे. मग तोच घोडा पुन्हा, जरा उजवीकडे. पुन्हा, आणि पुन्हा. चार वेळा. हा चार घोड्यांचा ताफा नव्हे. घोडा एकच, रात्र एकच, वाट पुढे सरकते आहे. उजव्या टोकाला छत्र घोड्यावरून उतरतं आणि जमिनीवर उमटलेल्या दोन पावलांवर येतं. सेवक छन्न त्या पावलांपुढे वाकलेला आहे. त्याच्या खालच्या बाजूला घोडा परत निघाला आहे, तोंड कपिलवस्तूकडे, पाठीवर छत्र नाही.

हे छत्र लुफीच्या दंडावरच्या अक्षरांचं काम करतं. बघणाऱ्याने छत्रावर नजर ठेवली की कोणता घोडा आधीचा, कोणता नंतरचा हे कुणी न सांगता कळतं.

याच पटाच्या ऐन मध्यावर कठड्याने वेढलेलं एक झाड आहे. पुरातत्त्वज्ञ सर जॉन मार्शल यांनी ते जांभळाचं मानलं. सिद्धार्थ बालपणी जांभळीखाली प्रथम ध्यानस्थ बसला, आणि तो बसला होता तोवर झाडाची सावली हलली नाही, अशी कथा आहे. मार्शल यांचा अर्थ धरला तर पुढे धावणाऱ्या घोड्यांच्या मधोमध शिल्पकाराने कित्येक वर्षांपूर्वीचा क्षण रोवून ठेवला आहे. आजच्या भाषेत हा फ्लॅशबॅक.

उत्तर तोरणाच्या सर्वांत खालच्या तुळईवर वेस्संतर जातक आहे. दानशूर राजपुत्र राज्याचा हत्ती देऊन टाकतो, हद्दपार होतो, वाटेत घोडे आणि रथ देतो, वनात गेल्यावर मुलंही देतो. ही कथा तुळईच्या पुढच्या बाजूवर मावत नाही, ती मागच्या बाजूवर चालू राहते. नगर आणि प्रवास एका अंगाला, अरण्यवास दुसऱ्या. मधला काळ ओलांडायला प्रेक्षकालाच तोरणाखालून जावं लागतं.

क्रम किती नाजूक असतो याचा दाखलाही इथेच मिळतो. १८८०च्या दशकातल्या डागडुजीत दक्षिण तोरणाच्या वरच्या आणि खालच्या तुळया मागचा भाग पुढे करून बसवल्या गेल्या. पुढे १९१२ ते १९१९ या वर्षांत मार्शल यांनी सांचीचं जतन केलं, त्याला भोपाळच्या बेगमांनी पैसा पुरवला. आपल्या धर्माचं नसलेलं हे वैभव भोपाळ संस्थानाने जपलं, हे कृतज्ञतेने सांगायला हवं.

नाराच्या देव्हाऱ्यापासून पडद्यापर्यंत

एकाच चौकटीत एकच पात्र अनेक वेळा दाखवायची ही रीत कलेतिहासाच्या अभ्यासक विद्या देहेजिया यांनी बारकाईने उलगडली आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरही ती आहे. १७व्या लेण्यातला विश्वंतर म्हणजे सांचीचाच वेस्संतर. बौद्ध कथा मध्य आशियातून चीनला गेल्या, सहाव्या शतकात बौद्ध धर्म जपानला पोचला, आणि कथांबरोबर चित्रंही गेली.

नारा प्रांतातल्या होर्यूजी मठात सातव्या शतकातला तामामुशी नावाचा लाकडी देव्हारा आहे. त्याच्या एका फळीवर भुकेल्या वाघिणीचं जातक रंगवलेलं आहे. वर कड्यावर राजपुत्र अंगावरची वस्त्रं झाडाला अडकवतो. मध्ये तोच राजपुत्र डोकं खाली करून हवेत झेपावलेला. तळाशी तोच वाघीण आणि तिच्या पिल्लांपुढे पडलेला. एक शरीर, तीन क्षण, वरून खाली एक पतन.

बाराव्या शतकात जपानी चित्रकारांनी हीच रीत लांबलचक गुंडाळीपटांवर आणली. 'शिगिसान एंगी'मध्ये हरवलेल्या भावाला शोधणारी वृद्ध भिक्षुणी तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धापुढे एकाच चित्रात अनेकदा दिसते: प्रार्थना करताना, झोपलेली, पुढे निघालेली. बुद्ध स्थिर, ती बदलत राहते, म्हणजे रात्र सरली. स्टुडिओ घिबलीचे सहसंस्थापक इसाओ ताकाहाता यांनी १९९९मध्ये या पटांवर एक पुस्तकच लिहिलं. बाराव्या शतकातलं अॅनिमेशन, अशी त्या पटांची ओळख त्यांनी करून दिली.

सांचीच्या घोड्यापासून अॅनिमेपर्यंत एक अखंड धागा ओढता येईल असा माझा दावा नाही. एक पात्र अनेकदा काढण्याची रीत युरोपातल्या भित्तिचित्रांतही आहे. पण कथांचा प्रवास खरा आहे, आणि अडचणही तीच आहे. मधला काळ गाळला तर बघणाऱ्याच्या हाती काय द्यायचं? सांचीने छत्र दिलं, शिगिसानने अचल बुद्ध दिला.

खूण हिरावली तर

ही खूण मुद्दाम काढून घेतली तर काय होतं, हे 'अटॅक ऑन टायटन'च्या अखेरच्या पर्वाने दाखवलं. २०२०च्या डिसेंबरात ते सुरू झालं तेव्हा कथेत चार वर्षं लोटली होती, आणि पडद्यावर नायकाच्या बाजूचं एकही माणूस नव्हतं. शत्रूचा देश, शत्रूची मुलं. लांब केसांचा एक जखमी सैनिक बाकावर बसलेला असतो. तोच नायक आहे हे कळायला भाग उलटावे लागतात. तोवर शत्रूच्या मुलांवर आपला जीव जडलेला असतो. एरवी ते झालं नसतं.

२०११च्या 'मादोका माजिका'मध्ये होमुरा ही करारी, थंड नजरेची मुलगी आपल्याला परकी वाटते. दहाव्या भागात तीच मुलगी दोन वेण्यांत, चष्म्यात, भित्री दिसते, आणि मैत्रिणीला वाचवण्यासाठी तोच महिना ती किती वेळा जगली ते कळतं. चष्मा आणि वेण्या गेल्या, त्यांच्याबरोबर काय काय गेलं याचा हिशेब प्रेक्षकाने करायचा. 'सुझुमिया हारुही'च्या २००९च्या पर्वात तर सुट्टीचे तेच दोन आठवडे सलग आठ भाग दाखवले, आणि दर वेळी चित्रं व आवाज नव्याने केले. पुष्कळ प्रेक्षक चिडले. प्रयोग धाडसी होता, पण काही वगळलंच नाही तर बघणाऱ्याला भर घालायला जागा उरत नाही, हेही त्यातून दिसलं.

म्हणून मला 'फ्रीरेन' या सगळ्यांत वरचढ वाटते. 'नारुतो'त गाळलेल्या वर्षांनी नायकाला बळ दिलं. इथे गाळलेली वर्षं ही नायिकेची चूक आहे, आणि ती भरून काढायला ती जुन्याच वाटेने पुन्हा निघते. गावोगाव तिला हिमेलचे पुतळे भेटतात. आपण सगळे गेल्यावर फ्रीरेन एकटी पडू नये म्हणून त्याने ते उभे करवले होते. आपल्यापैकी ज्यांनी आई-वडिलांचं म्हातारपण दूरच्या शहरातून, सुट्टीसुट्टीने पाहिलं आहे, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना सांचीला न्या. पूर्व तोरणापुढे उभं करा आणि कोणता घोडा नंतरचा ते त्यांनाच विचारा. लुफीच्या दंडावरची काट वाचणाऱ्या मुलाला ते जमेल, आणि त्याने दाखवल्यावर तुम्हालाही त्याची मालिका पाहायला बसता येईल. मग उत्तर तोरणाकडे वळा, आणि समोरची बाजू बघून परतू नका. वेस्संतराची मुलं मागच्या बाजूला आहेत.