लखोटा पोचला, पण मोडी कोण वाचणार?

सोमवती अमावस्येला जेजुरीगडावरून पालखी निघते, तेव्हा उधळलेला भंडारा लगेच खाली बसत नाही. तो हवेत तरंगत राहतो, आणि त्या पिवळ्या धुक्यातून पालखीचा दांडा, पागोटी, वर केलेले हात मधूनच दिसतात. आमच्या मंडळातल्या एका मुलाने असं तीन मिनिटांचं चित्रण मोबाइलवर केलं. लोककलांच्या आमच्या छोट्याशा संकेतस्थळावर मी ते जसंच्या तसं चढवलं. संध्याकाळी साताऱ्याहून मावशीचा फोन आला. "अरे, येळकोट ऐकू येतोय, पण दिसत काहीच नाही. सगळं काळं. माझ्या फोनला काय झालं का?"

मावशीच्या फोनला काहीही झालेलं नव्हतं, चूक माझी होती. फाइलच्या नावाचा शेवट 'एमपी४' असा होता, तेवढ्यावर मी निर्धास्त राहिलो होतो.

एमपी४, एमओव्ही, वेबएम ही नावं लखोट्याची आहेत. आत चित्र कोणत्या लिपीत लिहिलंय, ते लखोट्यावरून कळत नाही. जुन्या वाड्यात मोडीतलं पत्र सापडलं तर भाषा मराठीच असते, पण मोडी येणारा माणूस जवळ नसेल तर एक ओळही लागत नाही. व्हिडिओचं अगदी तसंच आहे. चित्र ज्या पद्धतीने आवळून लिहिलेलं असतं तिला कोडेक म्हणतात. एमपी४च्या लखोट्यात एच.२६४ हे कोडेक असू शकतं, एचईव्हीसी असू शकतं, एव्ही१सुद्धा असू शकतं. आमच्या फाइलमध्ये चित्र एचईव्हीसीत होतं आणि आवाज एएसीत. मावशीच्या फोनला एएसी वाचता येत होतं, एचईव्हीसी नाही. म्हणून येळकोट ऐकू आला आणि पालखी दिसली नाही. अशा वेळी काही जण फाइलचं नाव बदलून पाहतात. त्याने लखोट्यावरचा पत्ता तेवढा बदलतो.

मुळात चित्र असं आवळायचं तरी कशाला? हिशेब करून पाहा. फुल एचडीचं एक चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला ३ बाइट. सेकंदाला अशी ३० चित्रं. तीन मिनिटांची फाइल न आवळता ठेवली, तर ती सुमारे ३३ जीबी भरेल. रोज दीड जीबीचा पॅक मारणाऱ्या माणसाला ती उतरवायला तीन आठवडे लागतील.

हा डोंगर शंभर-दोनशे एमबीत बसतो, त्यामागे जे गणित आहे त्यात मूळच्या बेंगळुरूच्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ साली त्यांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे या कामासाठी पैसे मागितले आणि ते मिळाले नाहीत. कल्पना फारच साधी वाटते, असा एका परीक्षकाचा शेरा होता, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. त्यांनी काम सोडलं नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये त्यांनी 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म'वरचा निबंध प्रसिद्ध केला. आपल्या मोबाइलमधल्या जेपीईजी फोटोंपासून एच.२६४पर्यंत सगळीकडे हे गणित किंवा त्याचं जवळचं रूप काम करतं. मला याचं फार अप्रूप वाटतं. ही तीन नावं आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही माहीत असायला हवीत.

कल्पना खरोखरच साधी आहे. चित्राचा एक लहानसा चौकोन घ्या, समजा आठ बाय आठ ठिपक्यांचा. चौसष्ट ठिपक्यांचा उजळपणा एकेक करून लिहिण्याऐवजी त्या चौकोनात उजेड-अंधाराच्या संथ लाटा किती आणि बारीक, चटपटीत लाटा किती, ते लिहायचं. भिंत, आकाश, गाल, धोतर अशा बहुतेक ठिकाणी संथ लाटाच असतात. बारीक लाटांचे आकडे शून्याच्या जवळ येतात, आणि ते पुसले तरी डोळ्याला फारसं जाणवत नाही. त्यातच आपला डोळा उजेडातला फरक जितका बारकाईने टिपतो तितका रंगातला टिपत नाही. म्हणून रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच ठेवली तरी चालून जातं.

दुसरी युक्ती वेळेची. काही सेकंदांनी एकदा पूर्ण चित्र लिहायचं, आणि मधल्या चित्रांत फक्त काय हललं तेवढं नोंदवायचं: हा चौकोन मागच्या चित्रातून उचल, चार ठिपके उजवीकडे सरकव. काळ्या पडद्यासमोर उभं राहून कीर्तन करणाऱ्या बुवांचं चित्रण त्यामुळे अगदी थोड्या जागेत मावतं. पडदा हलत नाही, चिपळ्या आणि चेहरा तेवढा हलतो. भंडाऱ्याचं मात्र उलट आहे. प्रत्येक कण आपल्या वाटेने उडतो, मागच्या चित्रातून उचलण्याजोगं काही उरतच नाही. कोडेकला वाटून दिलेली जागा तिथे संपते आणि धुक्याच्या जागी पिवळे चौकोन दिसायला लागतात, जणू गडावर फरशा उडतायत. कोसळणारा धबधबा आणि भुरभुरणारा पाऊस यांचीही हीच गत. म्हणून 'इतक्या मिनिटांना इतके एमबी' असं सरसकट माप मला पटत नाही. कीर्तनाला जे पुरतं ते जेजुरीला पुरत नाही.

आता निवडीचं. एच.२६४ २००३ साली आलं. वीस वर्षांहून जास्त काळात ते उलगडणारं सर्किट जवळपास प्रत्येक फोनच्या चिपमध्ये जाऊन बसलंय. २०१३ मध्ये आलेलं एचईव्हीसी तेवढ्याच दर्जाला साधारण निम्म्या जागेत चित्र बसवतं, त्यामुळे बरेच नवे फोन त्यातच चित्रण करतात. पण त्याची पेटंटं अनेक गटांकडे विखुरलेली, कुणाला किती पैसे द्यायचे याचा घोळ, म्हणून काही ब्राउझर वर्षानुवर्षं त्यापासून लांब राहिले. त्याला पर्याय म्हणून गूगलने व्हीपी९ मोफत खुलं केलं. पुढे २०१५ मध्ये गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स, अॅमेझॉन अशा कंपन्यांनी आघाडी करून २०१८ मध्ये एव्ही१ आणलं. ते आणखी कमी जागा घेतं आणि वापरायला पैसे पडत नाहीत. मोठ्या संकेतस्थळांना ते हवंच आहे. पण ज्या फोनच्या चिपमध्ये एव्ही१चं सर्किट नाही, तिथे सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर पडतं. फोन तापतो, बॅटरी उतरते. एकच फाइल ठेवायची असेल, तर बघणाऱ्यांतला सगळ्यात जुना फोन डोळ्यांसमोर आणा आणि एमपी४मध्ये एच.२६४ चित्र, एएसी आवाज ठेवा. मी आता याबाबतीत हटून बसतो. दोन फाइली ठेवायची सोय असेल तर आधी एव्ही१, मागे एच.२६४ अशी यादी पानात देता येते. ब्राउझर वाचता येईल ती पहिली फाइल उचलतो.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. एमपी४मध्ये एक अनुक्रमणिका असते, कोणतं चित्र फाइलमध्ये कुठे आहे याची. चित्रण संपेपर्यंत ती पूर्ण होत नाही, म्हणून ती बहुधा शेवटी लिहिली जाते. ती हाती आल्याशिवाय ब्राउझरला चित्र दाखवता येत नाही. शेवटचं पान आधी मागायची सोय सर्व्हरवर नसेल, तर अख्खी फाइल उतरेपर्यंत गोल चक्र फिरत राहतं आणि लोक नेटला दोष देतात. एफएफएमपेगमध्ये 'फास्टस्टार्ट' किंवा हँडब्रेकमध्ये 'वेब ऑप्टिमाइझ्ड' निवडलं, की अनुक्रमणिका पुढे येऊन बसते. दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत.

जेजुरीची फाइल मी त्या मुलाकडून पुन्हा मागवली, व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला असता तर तो वाटेत आणखी एकदा आवळला गेला असता, आणि पुसलेल्या बारीक लाटा परत मिळत नाहीत. मूळ फाइल हार्डडिस्कवर ठेवली. संकेतस्थळासाठी ती ७२० ओळींवर आणली, कारण कमी ठिपके असले की प्रत्येकाच्या वाट्याला जास्त जागा येते. कीर्तनाला मी सेकंदाला दीड मेगाबिट देतो, इथे चार दिले. नव्वद एमबी झाले. दुसऱ्या दिवशी मावशीला लिंक पाठवली. तिने पूर्ण बघितलं, आणि फोन करून विचारलं की पालखीच्या डाव्या दांड्याला खांदा दिलेला, कपाळभर भंडारा माखलेला तो म्हातारा कोण आहे.